कंदील कुणाकडे

९ नोव्हें., शनि.
आले एकदाची. निघताना मेधा दारात उभी, "आई, महिन्याभरात कंटाळशील." पोटची मुलगी असून आईला ओळखत नाही. मी काय सहलीला चाललेय? नोकरी संपली, हे गेले, पनवेलला आता माझं काय अडलंय. जन्मले त्या बेटावर राहायचं, हे कधीपासून ठरलेलं.
दिघीहून लाँच. सगळे शनिवारवाले. गॉगल, वेफर्स, एकाने माझ्या ट्रंकेवर खुशाल पाय ठेवला. पूर्वी इब्राहिमचाचाची होडी. पलीकडून हाळी दिली की चाचा नुसत्या आवाजावरून ओळखायचा, कोणाच्या घरचं माणूस आलंय ते.
धक्क्यावर कुंदा. "आलीस गो? किती वाळलीस." माझं घर झाडून, माठ भरून ठेवलेला तिने. आमच्या वेळची बेटावर राहिलेली ती एकटीच. बाकीचे गेले. कुणी वर, कुणी नवी मुंबईला.

११ नोव्हें.
कुंदाच्या सासरच्या सुपारीच्या वाडीत आता भाड्याच्या दोन खोल्या. पाटी 'सी व्ह्यू'. समुद्र दिसतो, पण आधी पाण्याची टाकी दिसते. बोलले तसं. ती हसली नाही.
किनाऱ्यावर पिवळं रबरी केळं. त्यावर बसून माणसं मुद्दाम पाण्यात पडतात. आम्ही पाण्यात पडलो की घरी पाठीत धपाटे मिळायचे.

१४ नोव्हें.
काल तुळशीचं लग्न. आमच्या अंगणात मी एकटीच, मंगलाष्टकंही मीच म्हटली. पूर्वी सगळ्या वाड्यांतून एकापाठोपाठ एक लग्नं लागायची, आम्ही पोरं अक्षता घेऊन पळत पुढच्या तुळशीकडे. काल शेजारी कुंदाकडे पाहुण्यांचं गाणं चालू होतं, तेही हिंदी.
आज कुंदाकडे बसले. ती बटाटे सोलत होती. कंदिलाची आठवण काढली. शेवटची होडी चुकून बेटावर अडकलेला माणूस, कासार असो, कापडवाला असो, त्याचं जेवणखाण आणि झोपणं कंदिलाच्या घरी. एकच कंदील, घरोघर फिरायचा. आज आमच्या ओटीवर टांगला, पाहुणा गेला की पुढच्या घरी. पाहुण्याकडून काही घ्यायचं नाही. कुंदाला म्हटलं, आमच्याकडे कंदील आला की मला सण वाटायचा.
"व्हय?" म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली.

१६ नोव्हें., शनि.
संध्याकाळी धक्क्यावर फिरायला गेले. शेवटची लाँच सुटलेली. एक जोडपं, कडेवर रडणारं बाळ. पोरगी रडवेली, "मावशी, इथे राहायची सोय कुठे होईल?" क्षणभर वाटलं, आमच्या ओटीवर कंदील टांगलाय आणि मी माझी आईच आहे. म्हटलं, चला घरी.
भात, बांगड्याचं कालवण, बाळाला मऊ वरणभात. माझ्या हाताला इतकी चव आहे हे विसरलेच होते.

१७ नोव्हें., रवि.
सकाळी तो मुलगा पाकीट काढायला लागला. हात धरला त्याचा. म्हटलं, बेटावर पाहुण्याकडून घेत नाहीत. दोघं पाया पडली. फोटो काढला माझा, ओटीवर. किती वर्षांनी असं भरून आलं.
कुंदा कुंपणाशी होती. "कोण होतं गो?" सगळं सांगितलं. वाटलं खूश होईल.
"बरं," म्हणाली, आणि आत गेली. तिच्या दोन्ही खोल्या काल रिकाम्या होत्या, हे दुपारी कळलं. तरी मला काही टोचलं नाही. एका रात्रीचं काय एवढं.

२३ नोव्हें., शनि.
आज सहा जण थेट दारात. मोबाइलमध्ये माझा फोटो. खाली लिहिलेलं, 'बेटावरच्या आजी, पैसे घेत नाहीत, कालवण अप्रतिम.' आधी कुंदाकडे जाऊन भाव विचारून आले होते म्हणे. त्यातला एक मला म्हणाला, "बाजूवाली बाई जरा महाग आहे."
तरीही घेतले त्यांना. दारात आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं? सहा जणांना पुरेल एवढी मासळी घरात नव्हती. बटाट्यावर भागवलं. चेहरे पडलेले त्यांचे.

२४ नोव्हें., रवि.
कुंदा आली. बस म्हटलं, बसली नाही.
"तुला पेन्शन हाय गो. मला ह्या दोन खोल्या हायत."
मी म्हटलं, अगं, आपल्या बेटाची रीत ती. मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर माझ्या सोयीने बदलीन.
"रीत मला शिकवतेस? कंदील आमच्याकडं यायचा तवा आय तव्यावरची मासळीची तुकडी पाहुण्याच्या पानात वाढायची. आम्ही भावंडं कालवणाचं पाणी वरपायचो. आय तर तेबी न्हाय. तुझ्या बापाची वाडी व्हती, तुला सण वाटायचा. वाटू दे. पर त्यो सण माझ्या पोटावर नको."
गेली. फाटक उघडंच टाकून.
तिच्या आईचं हसणं मला आठवतं. पाहुण्याला वाढताना हसायची. मी तेवढंच पाहिलेलं.

२८ नोव्हें.
कुंदा बोलत नाही. विहिरीवर मी आले की ती जाते. दोनदा हाक मारली. मेधाचा फोन, "करमतंय ना?" म्हटलं, झकास. तिला खरं सांगायला तोंड नाही. समुद्र आहे, वाडी आहे, घर आहे. पण लहानपणीचं एखादं नाव घेतलं की पुढची गोष्ट सांगणारी कुंदाच. ती नसेल तर या बेटावर मी काय करतेय?

३० नोव्हें., शनि.
दुपारी एक गृहस्थ, सोबत बायको, मोठ्या बॅगा. "त्या फुकट जेवण देणाऱ्या आजी इथेच राहतात ना?"
काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "त्या गेल्या."
"अरेरे. कधी?"
"झाले आठ दिवस. अचानकच. तुम्ही शेजारी जा, कुंदाताईंकडे. हाताला चव आहे."
बायकोने हात जोडले, मीही जोडले. बॅगा शेजारच्या फाटकातून आत गेल्या, मग मी आत येऊन दार लावलं. एकटीच हसत बसले. मग हसू थांबलं.

१ डिसें., रवि.
सकाळी कुंपणापलीकडून आवाज, "मेलीस म्हणं गो तू?"
म्हटलं, "हो. आठ दिवस झाले."
"मेलेली बाई नारळ खवती का? माणसं लय हायत. ये."
चप्पलही न घालता गेले. तिच्या स्वयंपाकघरात विळीवर बसले. तिने मासे तळले, मी नारळ खवला. असं वाटलं की झालं, मिटलं.
ओटीवर पंगत बसलेली. कालची ती बायको आत डोकावली, माझ्याकडे जरा टक लावून बघितलं. मग गोड आवाजात, "तुम्हीपण इथल्याच का?"
मी हो म्हणायला तोंड उघडलं.
कुंदाने तव्यावरची तुकडी उलटली. "न्हाय. त्या पनवेलच्या. हवापालटाला आल्यात."
त्या. मला. फ्रॉक घालायच्या आधीपासून जिने अगो-तुगो केलं, तिने.
बाई बाहेर गेली. मी मान वर केली नाही. खवून झालं होतं, तरी उठवेना. उठले असते तर कुठे जायचं ते कळत नव्हतं. कुंदाने आणखी एक नारळ फोडला आणि माझ्यापुढे ठेवला. तो खवला.
उद्या ये म्हणाली नाही. येऊ नको, असंही नाही म्हणाली.