नीलम्माबाईंच्या फाटकावरचे पोपट

निलंगा, ८ जानेवारी २०२५

चि. सौ. अंबिकेस अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

तू फोन करतेस, पण जन्मभर ऐरणीपाशी बसल्यावर माझ्या कानाला फोनमधलं नुसतं घों घों ऐकू येतं. शेजारचा अण्णाराव तुझं बोलणं ओरडून सांगतो, पण त्यात निम्मं त्याचंच असतं. म्हणून पत्रच बरं. एकट्यापुरती भाकरी थापायची, मग वेळच वेळ.

तुला दिलेला शब्द लक्षात आहे. माझी जोडीदारीण, तुझी अव्वा गेल्यावर नीलम्माबाईंचं फाटक हे माझ्या एकट्याच्या हातचं पहिलं काम. मनासारखं झालं तर भट्टी चालू ठेवीन. नाही जमलं तर दुकानाला कुलूप लावून नांदेडला तुझ्याकडे राहायला येईन, मग कुरकुर करणार नाही. तू काढलेलं फाटकाचं चित्र पोचलं. वेलीवरचा पोपट बघून बाई लई खूश झाल्या. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्याही घरात एकट्याच. दारात कोणी आलं की लवकर सोडत नाहीत.

घण मारायला माणूस नाही. अव्वा समोर उभी राहून घण घालायची, मी हातोडीनं जागा दाखवायचो आणि पुरे झालं की ऐरणीवर एक रिकामा टोला द्यायचो. मग ती थांबायची. आता मी एकटाच बारीक हातोडीनं पट्टी ठोकत बसतो. तरी शेवटी रिकामा टोला देतोच. कोणाला थांबवतो कोण जाणे.

जावई लखनरावांना आशीर्वाद सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
अप्पा

नांदेड, १७ जानेवारी २०२५

ती. अप्पांच्या चरणी अंबिकेचा शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णारावकाकांवर चिडू नका. निदान ते तुमच्याशी बोलतात तरी. इथं माझ्याशी बोलायला कुकर आहे. यांच्या एसटीच्या फेऱ्या लांबच्या, आणि घरी आले की पाठ टेकताच घोरायला लागतात. तुमच्यापेक्षा मोठ्यानं, हे अव्वा असती तर तिनं कबूल केलं नसतं.

वर्कशॉपमध्ये माझं बरं चाललंय. मी कॉम्प्युटरवर एक जाळी काढते, मशीन पत्र्यातून तशा ढीगभर कापते. संध्याकाळी त्या टेम्पोत भरून निघून जातात. कुणाच्या खिडकीला लागल्या ते मला कधीच कळत नाही. तुमच्यासाठी चित्र काढताना मात्र कळतं, की ही वेल अप्पांच्या हाताखालून जाणार.

आतली खोली रिकामी केली आहे. पलंग खिडकीपाशी लावलाय. खरं सांगू? फाटक चांगलं व्हावं असं वाटतं, आणि तुम्ही इकडे यावं असंही वाटतं. देवापुढे हात जोडले की नक्की काय मागावं ते सुचत नाही.

तिळगूळ पाठवला आहे. सगळा अण्णारावकाकांना वाटून टाकू नका. माया आहेच, ती पत्रातूनही कळवत जा.

तुमची,
अंबिका

निलंगा, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अंबिकेस आशीर्वाद.

पलंगावर गादी घाल. मी येतो.

दोन दारांच्या फाटकाचा डावा पल्ला सुरेख झाला. मग त्याच कागदावरून उजवा केला. काल दोन्ही पल्ले भिंतीला शेजारी उभे केले, तर दोन्ही पोपट एकाच दिशेला बघतायत. समोरासमोर यायचे, तर एक दुसऱ्याच्या पाठीकडे बघतोय आणि दुसरा पलीकडच्या कुंपणाकडे.

तुझी चूक नाही. तू नेहमी एकाच पल्ल्याचं चित्र पाठवतेस. दुसऱ्याच्या वेळी अव्वा कागद उलटा करून उजेडात धरायची आणि तसं चित्र जमिनीवर खडूनं काढायची. मी खालचा खडू बघून ठोकायचो. ती हे काम करते हे मी रोज बघत होतो, पण ती गेल्यावर ते मला करावं लागेल हे डोक्यातच आलं नाही.

पल्ला फिरवून लावावा, तर पिसांची नक्षी एकाच अंगाला उठवलेली. ते अंग घराकडे जाईल आणि रस्त्याला सपाट लोखंड दिसेल. नक्षी रस्त्याकडे, ही आपल्याकडे आजोबांपासूनची रीत. आणि नवा पल्ला करायचं बळ हातात नाही. दोन्हींवर गोणपाट टाकलंय. बाईंना अजून सांगितलं नाही. भट्टी विझवली.

बाकी भेटीत.

तुझा,
अप्पा

नांदेड, २१ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर मला त्याच संध्याकाळी सुचलं होतं, पण लिहिलं नाही. बाजारात गेले, गादीला नवी खोळ आणली, ती घातली, आणि त्या खोलीत बसून राहिले.

अप्पा, पल्ला फिरवूनच लावा. कड्या-बिजागऱ्या तुम्ही शेवटीच बसवता, म्हणजे काही मोडायचं नाही. पोपट समोरासमोर येतील. नक्षी घराकडे जाईल, तर जाऊ द्या. रस्त्यावरून माणसं एकदा बघून पुढे जातात. नीलम्माबाई दिवसभर ओट्यावर बसून फाटकाची मागची बाजूच बघणार. एक पोपट येणाऱ्याजाणाऱ्यांना, एक बाईंना. आधी त्यांना खरं सांगा आणि दाखवा. नको म्हणाल्या तर खोली आहेच.

हे लिहून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेय. पण गप्प बसून तुम्हाला इथं आणलं असतं, तर रोज तुमच्यासमोर ताट ठेवताना मला खाली बघावं लागलं असतं.

जवळ नसले तरी आपलीच म्हणा.

अंबिका

निलंगा, ९ मार्च २०२५

चि. सौ. अंबिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

फाटक लागलं. बाईंना सगळं खरं सांगितलं, मग तू म्हणालीस तसा पल्ला नुसता धरून दाखवला. त्या घराच्या बाजूनं आल्या, पिसांवरून हात फिरवला, आणि रस्त्यावर जाऊन सपाट अंगही बघून आल्या. मला वाटलं, गेलं काम. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाल्या, की या घराच्या सगळ्या नक्षीनं आजवर रस्त्याकडेच तोंड केलं, घरातल्या माणसाकडे पहिल्यांदाच कोणी बघतंय. आता त्यांची खुर्ची फाटकासमोर असते.

भट्टी पुन्हा पेटवली आहे. बाईंच्या समोरच्या घराला गॅलरीची जाळी हवी आहे. शब्दाप्रमाणे मी इथंच राहायचं.

तुझं पत्र उशिरा का आलं ते समजलं. फाटक लावून आल्यावर माझाही हात पत्र लिहायला उठत नव्हता. त्या गादीची खोळ काढू नकोस, पोरी.

गॅलरीचं चित्र काढ, पण टपालानं धाडू नकोस. स्वतः घेऊन ये. इथं कागद उलटा धरायला कोणी नाही.

तुझा,
अप्पा