बाटलीचे चार कोपरे

४ मार्च

चि. भिंगरीस काकाचे आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचे पत्र आले. वाचून किळस आली. मनोऱ्यावरून बाटली ठेवलेली पेटी खाली सोडली, पडताना तीन सेकंद वजन नाहीसे झाले, पण माझ्या चौकोनी बाटलीतले तेल कोपऱ्यांतून वर चढलेच नाही. म्हणून म्हणे माझे काम निकृष्ट. तीस वर्षे काच फुंकतोय. शाळा सातवीत सुटली, पण मापात केसाचा फरक कुणी दाखवावा. वर त्या पत्रावर चहाचा डाग. असली माणसे मला नीटनेटकेपणा शिकवणार.

तू पाठवलेल्या बाटलीच्या नकाशात कोपरे चाकूसारखे काढले होतेस. शिकाऊ पोर म्हणून तेवढे मी सांभाळून घेतले. काकू विचारते, वेळेवर जेवतेस ना?

माया आहे तशीच असू दे.

काका

९ मार्च

ती. काकांस सा. न.

वि. वि. साहेबांनी तुम्हाला परस्पर लिहिले, मला ठाऊक नव्हते. मी त्यांना सांगितले की नकाशाच माझा चुकला. बावीस तारखेला पेटी शेवटची सोडायची. तेव्हाही तेल चढले नाही, तर माझी इथली जागा गेली.

रागावू नका. वजन असते तोवर ते तेलाला तळाशी दाबून धरते. ते गेले की भांड्याचा आकारच तेलाला हाकतो. टोकदार कोपऱ्यात दोन्ही भिंती जवळ सापडतात, त्यांना धरून ते चढते. कोपरा गोल केला की त्याची शिडीच काढून घेतली. काका, तुम्ही सांभाळून घेतलेत म्हणजे नेमके काय केलेत?

जेवते आहे. तुमचा हात पाठीवर असावा.

भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वि. वि. कोपरे मीच ज्योतीवर धरून गोल केले. टोकदार कोपरा तडकतो. तसले अडाणी काम माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. तुला विचारलेसुद्धा नाही. पोरीला काय कळतंय, म्हटले. आता किळस येते ती माझीच. आणि माझ्यापायी तू खोटे बोललीस, ते तर घशाखाली उतरत नाही.

सोबत नवी बाटली. काचेच्या चार पट्ट्या घासून कडेला कड भिडवली, बाहेरून चिकटवली, ज्योत कुठेच दाखवली नाही. इतके ओंगळ काम जन्मात केले नव्हते, बघवत नाही. काकू म्हणाली, जन्मात कुणाचे ऐकलेही नव्हतेत.

हे पत्र आधी साहेबांना दाखव. मगच बाटली पेटीत ठेव.

राग असला तरी लिहीत जा.

काका

ता. क. बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवू नकोस, कड धारदार राहिली आहे. मी फिरवले. या कागदावरचा डाग चहाचा नाही, एवढे साहेबांना सांग.