शेवटचं प्यादं खायचं नाही

१८ जानेवारी, रवि.
सरांकडे बुद्धिबळाचे तीन डाव. तिन्ही गेले. तिसरा तर हातातला होता. माझा हत्ती अन् घोडा. त्यांच्याकडे राजा अन् एक मरतुकडं प्यादं. खाऊन टाकलं असतं तर काम फत्ते. नाही खाल्लं. त्याला तसंच सोडून राजामागे लागलो. प्यादं आपलं चालत चालत पलीकडे गेलं अन् वजीर होऊन बसलं.
सर ट्रेझरीतून रिटायर झालेले. अजूनही समोरच्याची चाल मंजुरीला आल्यासारखी बघतात. म्हणाले, "गजाननराव, ही दया कशासाठी?"
दया नाही सर, सवय. तिरोडीला खाणीच्या क्वार्टरात बाबांनी शिकवलं ते असं. समोरच्याचं शेवटचं प्यादं खायचं नाही. राजा एकटा उरला की डाव बुर्जी. ना हार, ना जीत. जिंकायचं असेल तर एक प्यादं जिवंत ठेवा अन् त्याच्यादेखत मात द्या.
"आताच्या नियमात बुर्जी नसते हो."
डोक्याला माहीत आहे. हाताला नाही.

२० जानेवारी
बैहरवरून दुकानात फोन. लग्नाचं बुकिंग, २० फेब्रु. साउंड अन् लाइट. "लडकीवाले वारासिवनी के हैं, वहीं लॉन में है." पेन्सिल काढली. लडकीवालों का नाम? त्यानं आमचंच आडनाव सांगितलं. लडकी का? मयुरी.
"दस तारीख तक बताता हूँ," म्हणून ठेवला.
मयुरी म्हणजे व.ची मुलगी. (व. म्हणजे माझा धाकटा भाऊ. पूर्ण नाव लिहायचं नाही असं कधीतरी ठरवलं, ते चालूच आहे.) माझ्या पुतणीचं लग्न मला नवरदेवाकडचा माणूस सांगतो. तेही किती वॉटचे बॉक्स लागतील ते विचारता विचारता.
बायकोला, शोभाला, सांगितलं. लाटणं थांबलं. "मंग जासान कसे? मोठे बाबा म्हणून का वायर पसरवाले?"
जेवलो.

२१ जानेवारी
आम्हा भावांचा अबोला लोकांना वाटते घराच्या वाटणीवरून असेल. लोकांना वाटू द्यावं.
बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले, अन् आम्ही दोघं बाबांच्याच पटावर बसलो. दुसरं काय करणार होतो. त्या पटातलं एक काळं प्यादं आमच्या लहानपणीच हरवलं होतं. बाबांनी त्याच्या जागी खाणीतला मँगनीजचा खडा ठेवला. त्या दिवशी माझ्याकडे राजा अन् तो खडा, एवढंच उरलं. व.नं खडा उचलला.
मी म्हटलं, "बुर्जी."
"किताबात बुर्जी नसते, दादा. खेळ, मात करतो."
"बाबाच्या पटावर बाबाचा कायदा."
"बाबा गेले आता."
असं. मास्तर आहे तो, शाळेत हजेरी घेतो तसं, सरळ. मी त्याच्या मुठीतून खडा काढून घेतला अन् निघून आलो. पट त्याच्याकडे, खडा माझ्याकडे. तेव्हापासून शब्द नाही. एका खड्यावरून, सांगणार कोणाला.

२४ जानेवारी
सरांनी पुस्तक दिलं. उस्तादांचे डाव, नुसते शेवट. दुकानात काउंटरवर पट मांडून एकेक लावतो. गिऱ्हाइकाला वाटते मालक हिशोबात आहे.
एक गोष्ट समजली. उस्ताद घाई करत नाही. आपण मात द्यायला धावतो. तो दहा चालींत राजा एक घर सरकवतो, नुसता जवळ येऊन बसतो. पहिल्यांदा सायकलला भोंगा बांधून गावोगाव फिरलो तेव्हाची गोष्ट आठवली. जुनं अँप्लिफायर मशीन आधी गरम होऊ द्यायचं, मग आवाज सोडायचा. नाहीतर कर्कश.

२६ जानेवारी
पहाटेपासून मैदानावर. साहेबांच्या भाषणात माइकनं एकच शिट्टी मारली. ती येणार हे मला आधीच ऐकू आलं होतं, हात पोचेपर्यंत उशीर झाला. तसंच चाललंय सगळं.
तिथंच समजलं. ८ तारखेला वारासिवनीत बुद्धिबळाची स्पर्धा. व. दरवर्षी खेळतो. मी नाव दिलं.
शोभा म्हणे, "सरळ फोन काहून नाई करत?"
"मी मोठा हाव."
"मोठे हाव तं मोठ्यासारखं करा."
तिचं बरोबर. पण मोठ्यासारखं म्हणजे कसं, हे पुस्तकात नाही. आधी हरवीन. त्याच्या किताबातनं त्याला हरवीन, मग बघू.

१ फेब्रुवारी, रवि.
सापडलं!! दुकानात ओरडलो. कारागिराला वाटलं शॉक लागला. मेन स्विच पाडला त्यानं.
दोन घोडे अन् राजा, समोर एकटा राजा. मात होत नाही. करूच शकत नाही. कोपऱ्यात कोंडला की त्याला हलायला जागाच राहत नाही अन् शहही नाही, डाव बरोबरीत. पण त्याचं एक प्यादं जिवंत असलं तर? एका घोड्यानं ते अडवून धरायचं, दुसऱ्यानं राजा कोपऱ्यात न्यायचा, मग अडवणारा घोडा सोडायचा. त्याच्याजवळ हलवायला प्यादं आहे. तो ते हलवतो, अन् तेवढ्यात मात.
म्हणजे जिंकायचं असेल तर शेवटचं प्यादं खायचं नाही! बाबांचा कायदा, पुस्तकात, उस्तादाच्या डावात. कोपऱ्यात का होईना.
पळत सरांकडे. सरांनी चष्मा पुसला. "बरोबर आहे. पण असा शेवट आयुष्यात एकदा येतो, गजाननराव. त्याच्यावर भरवसा नको."
तरी रोज लावतो आहे. घोडे स्वप्नात येतात.

५ फेब्रुवारी
बैहरवाल्याचा पुन्हा फोन. "भैया, पक्का करें?" दहा म्हणजे दहा, म्हटलं. आवाज माझाच मला चिरका लागला.
वारासिवनीकडून पत्रिका नाही, फोन नाही.

८ फेब्रुवारी, रवि.
घरी आलो. बूट काढायच्या आधी लिहितोय.
तिसऱ्या फेरीत समोर व. आला. केस पांढरे झाले. हात मिळवला, नियम आहे म्हणून. हात थंड. नजर पटावर.
हॉलच्या स्पीकरला अर्थिंग नव्हतं, सारखी घुंऽऽ चालू. त्याच्यातही मला त्याचं सगळं ऐकू येत होतं. चाल आवडली की नाकानं श्वास सोडतो. फसला की नखानं मेलेल्या मोहऱ्यावर टकटक. लहानपणापासून. त्याला माहीत नाही मी ऐकतो ते.
खूप वेळ बरोबरीत. मग त्यानं आपला उंट देऊन माझं शेवटचं प्यादं खाल्लं. श्वास सोडला. हिशोब त्याचा साधा: माझ्याकडे नुसते दोन घोडे राहतील, दोन घोड्यांची मात होत नाही. किताब.
पण त्याचं एक प्यादं उरलं होतं.
मी घोडा नेऊन त्याच्या प्याद्यापुढे बसवला. खाल्लं नाही. अडवलं. त्यानं घोड्याकडे बघितलं, मग प्याद्याकडे. टकटक. टकटक थांबली. समजलं त्याला.
मग मी त्याचा राजा हाकलत नेला. घाई नाही, उस्तादासारखा. घड्याळ पळतंय, लोक उठून भोवती आलेत, वारासिवनीचे त्याचे शाळेतले दोघं पाठीमागे. राजा कोपऱ्याजवळ. मला पुढचं सगळं दिसत होतं. नीट दिसत होतं. एवढं आयुष्यात पहिल्यांदा.
अन् तेव्हाच दुसरंही दिसलं. तो हरला तर राजा आडवा करील, सही करील, निघून जाईल. हरायला तोंड उघडावं लागत नाही. जिंकायलाही नाही. बरोबरीला मात्र कोणालातरी म्हणावं लागते.
दुसरा घोडा उचलला अन् त्याचं प्यादं खाल्लं.
मागून कोणीतरी "अरे!" केलं. व.नं पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे.
त्याचा राजा एकटा. किताबात बरोबरी, बाबांकडे बुर्जी. आता दोघांचंही एकच. फक्त म्हणायचं बाकी. मी म्हणणार नव्हतो. तोही म्हणेना. तो राजा हलवी, मी घोडा हलवी. पुन्हा तो, पुन्हा मी. दोन म्हातारे बैल घाण्याला जुंपल्यासारखे. पोरगेला पंच येऊन उभा राहिला. "अंकल लोग, क्या चल रहा है?"
व. म्हणाला, "बुर्जी."
हळूच. बाबांसारखा, जी लांबवून. बुर्जीऽ.
पंच म्हणाला, "क्या बोले सर?"
"ड्रॉ. ड्रॉ बोला."
मी नुसतं "हौ" म्हणायचं होतं. एक हौ. आयुष्यभर माइक टेस्टिंग केलं, अन् गळ्यातून हवासुद्धा निघाली नाही. मान हलवली. सही केली. तो उठला, पिशवी घेतली, गेला.

९ फेब्रुवारी
शोभा: "बोलला म्हणजे बोलला."
मी: "मले नाई म्हटलं. पटाले म्हटलं."
"पटाले कोणी बोलते का? अन् तुम्ही काय म्हटलं?"
"काई नाई."
"घ्या. एवढे मोठे भोंगे दुकानात, अन् घरचा एक वाजत नाई."
हसलो. मग नाही हसलो.
सरांना डाव दाखवला. त्यांनी पुन्हा पुन्हा लावून बघितला. "जिंकलेला डाव होता," म्हणाले. मग, "का खाल्लंत?"
हाताची सवय मोडली सर, म्हटलं.

१० फेब्रुवारी
बैहरला फोन केला. साउंड दुसऱ्याचं घ्या. "क्यों भैया, तारीख खाली नहीं?" तारीख खाली आहे. तेच तर.
आता वायर पसरवायलाही जाता येणार नाही. गेलो तर मोठे बाबा म्हणून, नाही तर नाहीच. शोभानं पेटीतनं पैठणी काढून उन्हात टाकली, कसर लागू नये म्हणून म्हणे.

१३ फेब्रुवारी
आज फोन हातात घेतला. व.चा नंबर अजून पाठ आहे. शेवटच्या आकड्यावर अंगठा. ठेवला.
घंटी वाजली की मी आतून धावतो. सगळे बुकिंगवाले.

१५ फेब्रुवारी, रवि.
सकाळ. दाढी अर्धी.
चौकातून मोटरसायकल वळली. चेनचं कव्हर ढिलं, खळ्‌खळ्‌, तिसऱ्या गिअरला घरघर. व.ची ती जुनीच गाडी. विकली नाही तर. शंभर गाड्यांत ओळखीन.
मारुतीच्या देवळापाशी हळू झाली. आमच्या दाराशी आली. थांबली.
इंजिन चालू आहे.
शोभा पदर सावरून बाहेरच्या खोलीत. "आले वाटते! पत्रिका असन. उघडा ना दार!"
खिडकीत तो खडा ठेवला होता, तो उचलून हातात घेतला आहे. एका गालावर साबण. लिहितो कशाला आहे, तेही समजत नाही.
"उघडा ना!"
थांब म्हटलं तिला. ऐकू दे, आत यायचं असलं तर इंजिन बंद करील. अजून गाडी बंद नाही केली त्यानं.