आमच्याकडून काढलं आहे

३ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची सोलापूरला! अक्कलकोटहून रोजची ये-जा नको म्हणून सुबोध सरांनी ऑफिसातच राहायची सोय केली. जुळे सोलापूर, तिसरा मजला, पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत माझी गादी. सर रिटायर प्राध्यापक, खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. ‘कट्टा’ हा त्यांनी चालवलेला सोलापूरकरांचा ऑनलाइन अड्डा, चार हजार माणसं. कुठल्या कंपनीचा नाही. असे शेकडो कट्टे लोकांनी गावोगाव आपापल्या कंप्युटरवर मांडलेत आणि एकमेकांना जोडलेत. तिथलं इथं दिसतं, इथलं तिथं. माझं काम घाण काढायचं. शिव्या, नागडे फोटो, भांडणं. त्यात मी लई हुशार, तीन भावांच्या घरात वाढलेय.

५ मार्च, बुधवार
दुसऱ्या एका कट्ट्यावरून ‘घण’ नावाचा कुणीतरी व्हिडिओ टाकतो. तोंड दिसत नाही, नुसते हात आणि लोखंडी घण. काल कुत्रं होतं. आज करडू, पाय बांधलेलं. चार घाव घातले तरी हालत होतं. मी काढून टाकलं आणि जेवले नाही. सर म्हणाले, आपण काढलं की फक्त आपल्याकडचं जातं, बाकीच्यांकडं राहतंच. कुणा एकाचा हात सगळ्यांच्या तोंडावर नको, हेच तर याचं मोठेपण. मी म्हटलं, सर, त्या करडाला विचारा की.

७ मार्च, शुक्रवार
आज माणूस. हात फरशीवर पसरून एकेक बोट ठेचलं. कानडीत आईला हाका मारत होता, म्हणजे आमच्याच बाजूचा. पोलिसांना लिंक पाठवली, बघतो म्हणाले. सरांशी कडाकडा भांडून मी त्याचा अख्खा कट्टाच ब्लॉक केला. नोटीस लावली आणि खाली ऐटीत माझं पूर्ण नाव टाकलं. सर एवढंच म्हणाले, “रुद्राणी, आता तो काय करतोय ते फक्त आपल्यालाच दिसणार नाही.”

१० मार्च, सोमवार
शांतता. लोकांनी भरभरून आभार मानले. भाकरी, शेंगाचटणी, झकास झोप.

११ मार्च, मंगळवार
लातूरचा कट्टा चालवणाऱ्या शिवूनं विचारलं, तू बरी आहेस ना. ‘घण’ तीन दिवस माझ्याबद्दल लिहितोय म्हणे. माझा फोटो लावून विचारतोय, ही राहते कुठं. सगळ्यांना दिसतंय, मला सोडून. आणि लोकांनी सांगितलं! सोलापूरचीच माणसं, दुसऱ्या कट्ट्यांवरची. चेष्टा वाटली असेल, नाहीतर सवय. आपल्याकडं पत्ता विचारला की माणूस पार दारापर्यंत पोचवतो. कुणी कॉलनी सांगितली, कुणी बिल्डिंग. शिवूनं त्याच्याकडचं काढलं. बाकीचे म्हणतात, पत्ता सांगणं काय गुन्हा आहे?
भीती वाटतेय. खरंच वाटतेय.

१२ मार्च, बुधवार, सकाळ
ब्लॉक उठवला. जुनं काहीच येत नाही. इथून पुढचंच दिसणार. सर स्वतः पोलिसांकडं गेलेत, स्कूटरवर, दहाला.

दुपारी एक
नवा व्हिडिओ. फरशीवर हात. मनगटावर सरांचं घड्याळ —
आधी गुडघे. तो मजला विचारतोय. सर मान हलवतात. मग तोंडावर. दात फरशीवर —
सरांनी सांगितलं नाही.

दीड
पोलिसांना फोन. निघालोय म्हणाले. कडी लावली, कपाट ओढलं. उन्हाचं खाली चिटपाखरू नाही. शेजारी कुलूप.
व्हिडिओच्या शेवटी सर हालत नाहीत.

दोन
आमच्या बिल्डिंगचा फोटो टाकलाय, खालून घेतलेला. आत्ताचा. खाली लिहिलंय: म्हातारा बोलला नाही. कुणी सांगेल का, कितवा मजला?

लगेच उत्तर. हात जोडल्याची खूण करून. ‘तिसरा. लिफ्ट बंद आहे दादा, जिना डावीकडं.’
काढलं. स्क्रीनवर आलं — आमच्याकडून काढलं आहे.
दुसऱ्या कुणाचं आलं. काढलं. आणखी एक. काढलं —

जिन्यात लोखंड पायऱ्यांवर आपटतंय — पहिला मजला —
पोलीस फोन उचलत —

थांबला. तिसऱ्यावरच. दोन दारं आहेत, त्याला कळत नाही कुठलं — श्वास ऐकू —

कुणीतरी लिहिलं, उजव्या हाताचं दा