आत्याच्या नावाचे स्कोन

राजापेठ, अमरावती
९ जानेवारी २०२४

चि. अदिती,
अनेक आशीर्वाद.

तुझा डबा काल पोचला. फोनवर तू मध्येच 'हो आत्या, हो आत्या' करतेस, म्हणून लिहून कळवते.

डबा उघडताच अननसाच्या इसेन्सचा असा भपका आला की मी खिडकी उघडली. आत स्कोन म्हणून सहा पिवळे गोळे, तळाचा कागद तुपाने पारदर्शक, वर लाल-हिरवी टुटीफ्रुटी. एकाला हात लावला तर बोटं ओशट झाली. तोच चहात बुडवला, तर विरघळून तळाशी लगदा. कप दोनदा घासावा लागला. क्रीमऐवजी आम्रखंड, आणि सोबत टोमॅटो सॉसची पुडी. ती कशासाठी गं? उरलेले पाच कामाच्या जमुनाबाईंनी नेऊन गाईपुढे ठेवले, आणि आज सकाळी सांगत आल्या की बाई, गाय बी तोंड लावून नाही राहिली.

पण खरी किळस आली ती कार्डाची. 'अस्सल ब्रिटिश स्कोन, चारुशीलाआत्यांच्या कॉन्व्हेंटची कृती.' २८ तारखेला अकोल्यातल्या तीस बायका तुझ्या घरी दुपारच्या चहाला येणार आणि हा लगदा माझ्या नावाने खाणार? सिस्टर बर्नाडेट मैद्यात गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायला लावत, रव्यासारखं होईपर्यंत. वाटीने कापताना सरळ दाबायचं. वाटी फिरवली की स्कोन तिरका फुगतो. तू परकरात होतीस तेव्हापासून सांगत आले. कार्डावरून माझं नाव काढून टाक.

लोभ आहे. असा आणखी एक डबा आला तर मात्र सांगता येत नाही.
तुझी आत्या

अकोला
१३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग किशोरला वाचून दाखवलं. गाईपाशी आल्यावर त्याला हसून ठसका लागला. दोन दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही.

टुटीफ्रुटी माझी चूक. बँकेतली नोकरी सोडून हा चहापानाचा व्यवसाय मांडलाय. लोकांना गोड आवडतं म्हणून घाबरून घातली. ती जाईल, इसेन्सही जाईल. पण कार्डं वाटून झालीत, आत्या. बायका तुझ्या नावावर येतायत.

एक विचारू? तू वास लिहिलास, ओशटपणा लिहिलास, कपातला लगदा लिहिलास. चव कुठेच नाही. सहातला एक चहात गेला, पाच गाईपुढे. मग मी जुनं आठवत बसले. लोणी, वाटी, भट्टी, सगळं तू सांगितलंयस. सिस्टरांचा स्कोन लागायचा कसा, हे कधीच नाही. ते कळल्याशिवाय मी नेमकं काय बनवू?

आशीर्वाद असू दे, राग थोडा उतरू दे.
तुझी अदिती

अमरावती
१८ जानेवारी

चि. अदिती,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस फ्रिजवर तसंच ठेवलं होतं. बँकेने तुला तपासनीस करायला हवं होतं.

मी स्कोन खाल्लेला नाही. तुझाही नाही, सिस्टरांचाही नाही.

बाबांची भिक्षुकी. कॉन्व्हेंटात घालताना आईने माझ्याकडून शपथ घेतली, तिथलं काही तोंडात घालायचं नाही. स्कोनला वरून अंडं लावत. माझे हात थंड, म्हणून सिस्टर दर गुरुवारी मलाच पीठ चोळायला बोलवत आणि शेवटी प्रत्येकीला एक स्कोन देत. माझा मी वर्गातल्या रागिणीला द्यायची आणि विचारायची, कसा लागतो. ती भरल्या तोंडाने म्हणायची, बरा आहे. त्या दोन शब्दांवर मी पन्नास वर्षं, अमरावतीच्या बेकऱ्यांपासून तुझ्यापर्यंत, सगळ्यांना नावं ठेवली.

आई गेली तेव्हा मी चाळिशीत होते. नंतर कोण अडवणार होतं? पण तोवर मी जाणकार झाले होते. जाणकार बाई पहिल्यांदाच चव घेतेय हे कोणी पाहिलं असतं तर? तुझ्या लगद्यापेक्षा आज मला माझ्या या ढोंगाची जास्त शिसारी येते.

कार्डावर नाव राहू दे. ते खरं करायला २७ला, शनिवारी सकाळी, बडनेऱ्याहून गाडीने निघते. लोणी फ्रिजमध्ये ठेव. पीठ मी चोळेन, हात अजून थंडच आहेत. इसेन्सची बाटली मी यायच्या आत घराबाहेर काढ. वरून अंडं लाव. पहिला स्कोन मला दे, आणि मी खाईन तोवर पाठ फिरवून उभी राहा. खाऊन मी नुसतं 'बरा आहे' म्हटलं, तर पुढे काही विचारू नकोस.

लोभ होता तसाच आहे, तूही ठेव.
तुझी आत्या