पाच नंबरच्या कॉटवरचे ठोके

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार ते मलाच माहीत नव्हतं. आता मी बारामतीतल्या एका छोट्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं बघते. जळोचीत राहते, सकाळी स्कूटीवरून जाते. यंत्रं एकमेकांशी नीट बोलतात की नाही, एवढंच माझं काम. यंत्रं काय बोलतात, असं तू नक्की विचारलं असतंस, म्हणून सांगते. आमच्या अतिदक्षता विभागात सहा कॉट आहेत आणि प्रत्येकीजवळ ठोके दाखवणारा मॉनिटर. सहाही जणांचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसतात. त्यासाठी प्रत्येक मॉनिटरला आकड्यांचा एक पत्ता लागतो आणि तो वाटायला एक सर्व्हर आहे. मॉनिटर चालू झाला की पत्ता मागतो, सर्व्हर मोकळा असेल तो देतो. पडदा मात्र पत्त्यावरूनच कॉट ओळखतो.

मागच्या उन्हाळ्यात वायरिंगच्या दुरुस्तीसाठी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, सर्व्हरसुद्धा. आधी कुणाला काय दिलं होतं ते तो विसरला आणि जो मॉनिटर आधी जागा झाला त्याला पहिला पत्ता देऊन मोकळा झाला. दुपारी पडद्यावर पाच नंबरचे ठोके एकदम वाढले. भिगवणच्या एक सिस्टर आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्या धावत गेल्या, तर पाच नंबरच्या आजी बशीतून चहा पीत होत्या. कॉटजवळच्या मॉनिटरचा इशाऱ्याचा आवाज बारीक ठेवलेला असतो, त्यामुळे कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. सिस्टर पडद्याकडे परत गेल्या नाहीत. त्या एकेकाचं मनगट धरत निघाल्या आणि तीन नंबरशी थांबल्या. तिथला माणूस घामानं भिजला होता; पडद्यावर पाचच्या जागी त्याचे ठोके दिसत होते. त्याला वेळेत औषध मिळालं, पुढच्या आठवड्यात तो घरी गेला. मला बोलावलं तेव्हा सिस्टर एवढंच म्हणाल्या, "पडदा काय बी म्हणू दे, मी आता हात लावल्याबिगर मानायची न्हाय."

त्या दिवसापासून मला तुझा इंदापूरचा दवाखाना सारखा आठवतोय. तू तिथं आया होतीस आणि शाळा सुटली की मी थेट बाळंतिणींच्या खोलीत यायचे. एक दिवस खिडकीतून ऊन दोन पाळण्यांवर येत होतं, म्हणून मी ते ओढून दुसऱ्या भिंतीशी लावले, आणि लावताना त्यांची जागा उलटीसुलटी झाली. तू आत येतेस, पाळणे बघतेस, आणि दोन्ही बाळांचे पाय उघडे करून बघतेस. पायांवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या अक्षरात बाळंतिणींची नावं. मग माझा दंड धरून मला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "काय केलंस ते तुज्या तोंडानं सांग." मी रडत सांगितलं. घरी येताना मी विचारलं, पाळण्यावरच नाव का लिहीत नाही? तर तू म्हणालीस, "पाळणं काय, हितलं तितं हुत्यात." पट्टी निघाली तर, असं विचारल्यावर म्हणालीस, "निघायच्या आत दुसरी लावायची." नरसिंहपूरच्या एका बाईला जुळे झाले तेव्हा तू त्यांना कसं ओळखायचीस, हे मात्र विचारायचं राहिलं. अंघोळ घालताना पट्ट्या भिजत असणारच. तेव्हा काय करायचीस? हे मला आजही खरोखर जाणून घ्यायचंय.

मी आधी सर्व्हरला प्रत्येक मॉनिटरच्या नेटवर्क कार्डावरचा नंबर सांगून ठेवला. कारखान्यातून छापून येतो तो. दोन महिने सुरळीत गेले. मग एका मॉनिटरचं कार्ड जळलं, नवीन बसवलं, आणि सर्व्हर त्याला पुन्हा परका समजायला लागला. मला वैतागण्याऐवजी गंमतच वाटली. कॉट तीच, यंत्र तेच, तरी एक सुटा भाग बदलला की ओळख जाते. शोधता शोधता कळलं की यंत्राच्या सेटिंगमध्ये आपण एक ओळख लिहून ठेवू शकतो. क्लायंट आयडेंटिफायर म्हणतात तिला. पत्ता मागताना यंत्र ती ओळख सांगतं आणि सर्व्हर तिच्यासाठी राखलेलाच पत्ता देतो. कार्ड बदलो, दुरुस्ती होवो, पत्ता तोच राहतो. पहिल्यांदा ते चालताना बघितलं तेव्हा मी एकच मॉनिटर पाच-सहा वेळा उगाच बंद-चालू केला.

पण सहा यंत्रांत तेच तेच भरायचा मला कंटाळा आला. मी एकाची सेटिंग पेन ड्राइव्हवर घेऊन बाकीच्यांत उतरवली आणि प्रत्येकात नुसती ओळख बदलत गेले. एकात बदलायची राहिली. दोन नंबर आणि सहा नंबर, दोघंही "मीच दोन नंबर" असं म्हणायला लागले. सर्व्हरनं दोघांना एकच पत्ता दिला. सकाळभर पडद्यावर दोन नंबरच्या जागी कधी दोनचे ठोके, कधी सहाचे. भिगवणच्या सिस्टरांनीच ते ओळखलं. त्यांनी मला बोलावलं, मी दहा मिनिटांत दुरुस्त केलं. कुणाला काही झालं नाही.

डॉक्टरांना मी सांगितलं की मॉनिटरमध्ये बिघाड होता. त्यांनी मान डोलावली, विषय संपला. आता सगळं व्यवस्थित चालतं आणि मला शाबासकीही मिळाली.

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे, माझ्या कागदांत. त्याआधी एक लिहिते. मी स्वतःला सांगत आले की कुणी विचारलं नाही म्हणून माझी चूक सांगितली नाही. ते खरं नाही, आई. दोन-सहाची गडबड झाली त्या दिवशी जिन्यात सिस्टरांनी मला थांबवून विचारलं होतं, "पोरी, तुज्याकडनं तर काय ऱ्हायलं न्हवतं ना?" आणि मी नाही म्हणाले.