पल्लूच्या खोलीतला एसी

४ मे
पल्लूला काल पुण्याहून आणलं. सातवा संपला. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे माझं म्हणणं. विहीणबाई नाखूश. "तुमच्याकडं ऊन किती, नळालाही रोज पाणी नाही." खोटं काय बोलल्या? म्हणून तर मागच्या खोलीत एसी बसवून घेतला. दुपारी लेक गाढ झोपली. मी दारातून बघत उभी. बरं वाटलं.

५ मे
एसीच्या पाइपातून बाल्कनीत थेंब थेंब पडतो. वाया जातो म्हणून ह्यांचा जीव कासावीस. निळा कॅन ठेवला, पाइप पार तळापर्यंत सोडला, एक थेंब बाहेर उडायला नको. "अगं, फुकटचं पाणी हाय, लई मोलाचं." नळाच्या दिवशी हा माणूस वाट्यासुद्धा भरून ठेवतो. रिटायर झाल्यापासून घरात पाणी हेच ह्यांचं खातं.

७ मे
एसी आतून गळायला लागला. थेट गादीवर, पल्लूच्या पायाशी. पलंग सरकवला, खाली परात. पल्लू आधी हसली. मग म्हणाली, "आई, फरशी ओली राहते. घसरले-बिसरले तर?"

९ मे
सर्व्हिसवाला आला. त्याला बाल्कनीत जागा हवी म्हणून ह्यांनी कॅन आधीच मोरीत नेऊन ठेवला. जाळी धुतली, एसी चालवून दाखवला, टिपूस नाही. तो गेला, कॅन जागेवर. संध्याकाळी परातीत पुन्हा टपटप.
जावयांचा फोन. पल्लू दार लावून बोलली. नंतर म्हणाली, "ते म्हणतायत, असल्या ओल्या खोलीत नको, पुढच्या शनिवारी न्यायला येतो." मी भाकऱ्या थापत राहिले. वाईट वाटलं, फार.

१२ मे
हे सिल्लोडला, चुलतभावाकडच्या लग्नाला. फरशी पुसायला कॅन ओतून घेतला, पाइप तसाच बाहेर लोंबत राहिला. खोलीतली टपटप थांबली. चहा झाला तरी थांबलेलीच. मला शंका आली. कॅनमध्ये पाणी घालून पाइप बुडवला. थोड्या वेळानं सुरू. बाहेर काढला, बंद. तोंड पाण्यात बुडालं की एसीतलं पाणी उतरतच नाही, मागं फिरतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, लहान पोरीसारखं. कॅन मोरीत होता म्हणून त्या सर्व्हिसवाल्यालाही दिसलं नाही. पल्लू पलंगावरून, "आई, बाबांना फोनवर सांगू नको. मला त्यांचं तोंड बघायचंय."

१३ मे
हे आले. दाखवलं. खाली वाकून पाइपाचं तोंड चाचपलं.
"म्हंजे मीच पोरीच्या अंथरुणात पाणी सोडलं व्हय?"
"व्हय."
चहा घेतला नाही. मग मलाच कसंतरी झालं, एवढं ठसक्यात म्हणायला नको होतं. जेवताना पल्लूनं ताटात आंब्याची फोड वाढली तेव्हा कुठं हसले. पाइप आखूड कापला. आता कॅनच्या तोंडाच्या चार बोटं वर. थेंब कॅनमध्येच पडतो आणि खोली कोरडी.

१५ मे
परात परत स्वयंपाकघरात. जावई उद्या येणार. पल्लूची बॅग भरून दाराशी. तिला विचारायचा धीर होत नाही, विचारलं तर मलाच रडू येईल. मेथीचे लाडू करायला घेतले होते, ते मध्येच...
दुपारी ती बाल्कनीत कॅनपाशी उभी होती.
"बाबा, दिवसाला किती साठतं हे?"
"बादली तर होतीयच."
"त्यात बाळाची दुपटी धुऊन होतील?"
ह्यांनी चपला घातल्या आणि दुसरा कॅन आणायला बाहेर पडले. डोक्यावर ऊन, टोपी इथंच विसरले.